आधी समेट, मग अर्पण : आज्ञा कळल्यावर किती थांबायचे?

शालोम_नागपूर

नागपुरातील सदर भागात आमची घरगुती प्रार्थना सभा भरते; तिच्यात सध्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाचे वाचन चालू आहे. मत्तय 5:23-24 या वचनांपाशी आलो तेव्हा सभा नेहमीपेक्षा बरीच लांबली आणि तरीही मूळ प्रश्न सुटला नाही, म्हणून तो येथे मांडत आहे. वचन सगळ्यांच्या परिचयाचे आहे. दान घेऊन वेदीपाशी आलेल्या माणसाला तेथेच आठवते की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे. प्रभू त्याला सांगतो की दान वेदीपुढे राहू दे, आधी जाऊन भावाशी समेट कर आणि मग येऊन दान अर्पण कर.

सभेतील एका बंधूंचे म्हणणे असे होते : "समेट करायचाच आहे, पण मी त्यासाठी प्रार्थना करत आहे, प्रभू योग्य वेळ दाखवील तेव्हा जाईन." हे वाक्य आपल्या मंडळ्यांत इतके रुळले आहे की ते ऐकून कोणाला काही खटकत नाही. मला ते खटकते. शब्द सुचावेत, धीर मिळावा, समोरच्याचे मन मऊ व्हावे यासाठी अवश्य प्रार्थना करावी. परंतु जावे की न जावे हे प्रभूला पुन्हा विचारणे म्हणजे त्याने दिलेले उत्तर ऐकलेच नाही असे दाखवणे होय. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 24 मध्ये फेलिक्स या रोमी सुभेदाराचा प्रसंग आहे. त्याच्या कैदेत असलेला प्रेषित पौल नीतिमत्त्व, संयम आणि पुढे होणारा न्याय यांविषयी बोलू लागला तेव्हा फेलिक्स घाबरला आणि म्हणाला की आता जा, सवड मिळाली म्हणजे तुला बोलावीन. सवड त्याला मिळाली नाही असे नाही. त्याने पौलाला पुढे अनेकदा बोलावले, त्याच्याशी संभाषणही केले, पैसे मिळतील ही आशाही मनात ठेवली; दोन वर्षे निघून गेली आणि जाताना तो पौलाला बंदीतच ठेवून गेला. विषयावर बोलत राहणे आणि आज्ञा पाळणे यांत किती अंतर राहू शकते हे त्यावरून दिसते.

दुसरी गोष्ट अंतराची. हे प्रवचन गालीलात झाले आणि वेदी होती यरुशलेमेत. ऐकणारे बहुतेक गालीलकर. त्यांच्या गावापासून मंदिर शंभर किलोमीटरहून अधिक दूर, म्हणजे काही दिवसांची पायपीट. दान तेथेच ठेवून घरी परतायचे, भावाला भेटायचे आणि पुन्हा तेवढीच वाट तुडवत मंदिरात यायचे, हे ऐकून लोकांना काय वाटले असेल याचा विचार करावा. आपण मात्र धरमपेठेतून जरीपटक्याला जायला ऊन उतरण्याची वाट पाहतो.

आपणा सर्वांचे मत आणि अनुभव जाणून घ्यायचे आहेत. कृपा करून चर्चा एखाद्या विशिष्ट मंडळीच्या कारभाराकडे नेऊ नये.


कामठीकर

सलाम. आपली तळमळ समजली, पण मला यात एक धोका दिसतो. मी वयाने मोठा आहे आणि घाईने केलेले समेट मोडतानाही पाहिले आहेत. आपल्याकडे बरीच वर्षे अबोला असलेल्या भावाच्या दारात माणूस अचानक उभा राहिला, तर घरातले आधी हेच म्हणतात, की हा सही घ्यायला आला असेल. मन तयार नसताना गेलेला माणूस दोन वाक्यांनंतर जुना हिशेब काढतो आणि होते नव्हते तेही जाते. याकोबाकडे पाहा. ज्या भावाला फसवून तो पळाला होता त्या एसावाला भेटण्यापूर्वी त्याने जासूद पाठवले, कळपामागून कळप भेट म्हणून पुढे धाडले, रात्रभर यब्बोक नदीपाशी झुंज दिली, आणि मग तो सामोरा गेला. तयारीला आपण आज्ञाभंग म्हणू लागलो तर शहाणपणाला जागाच उरणार नाही.


शालोम_नागपूर

काका, याकोबाचे उदाहरण आपण दिले हे फार बरे झाले, कारण त्यात आपल्या दोघांचेही म्हणणे आहे. तो मामा लाबानाकडे वीस वर्षे राहिला आणि त्या काळात एसावाकडे गेला नाही. देवाने उत्पत्ति 31:3 मध्ये "आपल्या देशी परत जा" असे सांगितले तेव्हा त्याने मुक्काम हलवला. जासूद, भेटी, ती रात्र, हे सगळे वाटेवर घडले. साडेपाचशेहून अधिक जनावरे त्याने पुढे पाठवली. शेळ्यामेंढ्या, दुभत्या उंटिणी, गाई, गाढवे, यांची मोजदाद वचनात दिलेली आहे. एवढी तयारी करूनही तो थांबला नव्हता, चालतच होता. म्हणून मी तयारीला विरोध करत नाही. निघाल्यानंतरची तयारी ही आज्ञापालनाचा भाग आहे. न निघता केलेली तयारी कधी संपत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या अध्यायांतील आणखी एक गोष्ट आपण प्रवचनांत फारशी ऐकत नाही. भेट झाली, गळाभेट झाली, दोघे रडले. त्यानंतर एसावाने आपल्याबरोबर सेईरास चलण्याचा आग्रह केला, तरी याकोब सुक्कोथास गेला आणि तेथे त्याने घर बांधले. दोघे भाऊ एकत्र राहिले नाहीत. मात्र वडील इसहाक वारले तेव्हा त्यांना एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून पुरले. समेट झाला म्हणजे एका छताखाली आलेच पाहिजे, असे वचन म्हणत नाही.


धरमपेठची_मावशी

या शेवटच्या मुद्द्यावर मला थांबून लिहायचे आहे, कारण महिला मंडळाचे काम करताना याच वचनाचा जो उपयोग होताना मी पाहिला तो फार वेदनादायक आहे. नवऱ्याने मारहाण केलेली मुलगी माहेरी येते. अंगावरचे वळ उतरलेले नसतात, आणि मंडळीतील दोन वडीलधारी माणसे घरी येऊन तिला सांगतात की ख्रिस्ती स्त्रीने क्षमा करावी, लगेच करावी, सूर्य मावळण्याच्या आत करावी, आणि परत जावे. ती नाही म्हणाली तर तिलाच अवज्ञाकारी ठरवले जाते. तत्काळ आज्ञापालनावर धागा निघाला आहे, तर ही आज्ञा कोणाला दिलेली आहे हेही स्पष्ट व्हावे.


पाळक_विदर्भ

मावशी, आपण विचारले ते अगत्याचे आहे आणि त्याचे उत्तर वचनातच आहे. मत्तय 5:23 मध्ये ज्याला उठून जायला सांगितले तो माणूस कोण? ज्याच्याविरुद्ध दुसऱ्याच्या मनात काही आहे, तो. म्हणजे ज्याच्याकडून दुखावले गेले त्याच्यावर जाण्याचा भार आहे. मारहाण करणाऱ्या नवऱ्याने दान वेदीपाशी ठेवून उठावे, असे ते वचन सांगते. मार खाल्लेल्या बायकोने बॅग भरावी असे सांगत नाही. दुखावलेल्या माणसासाठी वेगळा उतारा आहे, मत्तय 18:15-17. तेथेही "सोसत राहा" असे नाही. अपराध त्याच्या पदरी घाल, ऐकले नाही तर एकदोन साक्षीदार बरोबर घे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग, असा क्रम आहे, आणि त्यानंतरही त्याने मानले नाही तर त्याला परका समजण्याची मोकळीक आहे. जेथे एकटीने समोर जाणे जिवावर बेतू शकते तेथे एकटीने जाण्याचा आग्रह धरणे हे त्या उताऱ्याच्या हेतूच्या उलट आहे. 2005 सालच्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण आदेश मागण्याची सोय दिली आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे जाणे किंवा 181 या महिला हेल्पलाइनला फोन करणे म्हणजे क्षमा नाकारणे नव्हे.

क्षमा आणि समेट यांतला फरक आपण व्यासपीठावरून पुरेसा सांगत नाही. क्षमा एकट्याने देवापुढे करता येते. समेटाला दोघे लागतात, आणि ज्याने मोडले त्याचा पश्चात्ताप लागतो. रोम 12:18 मध्ये पौल "शक्य असल्यास" आणि "तुमच्याकडून होईल तितके" अशा दोन अटी घालतो, त्या त्याने सहज घातलेल्या नाहीत.


तरुणसंघ_सदर

माझा प्रश्न या "तुमच्याकडून होईल तितके" याच्याशी जोडलेला आहे. माझे वडील आणि मोठे काका यांचे शेताच्या बांधावरून बोलणे बंद होते. मागच्या उपवासकाळात वडिलांनी मला गाडीवर बसवून काटोलजवळ काकांच्या घरी नेले. काका अंगणात संत्री निवडत बसले होते. डागी एका टोपलीत, चांगली दुसऱ्या टोपलीत. त्यांनी आम्हाला पाहिले, पण "बसा" म्हटले नाही. वडील उभ्याउभ्याच बोलले. मी गावासमोर तुम्हाला चोर म्हणालो, ते खोटे होते, ते मी ज्यांच्यासमोर बोललो त्यांनाही सांगितले आहे, मला क्षमा करा, एवढेच ते म्हणाले. काकांचे हात थांबले नाहीत. बऱ्याच वेळाने ते फक्त "ऐकलं" म्हणाले. आम्ही परत आलो. अजूनही त्यांचा फोन येत नाही, आणि काकूंनी त्यांना आमच्या घरच्या लग्नाला येऊ दिले नाही.

आमच्या संघातील एका मुलाने विचारले की मग हे आज्ञापालन झाले का? की समेट झालाच नाही, म्हणून वडिलांनी अजून प्रभुभोजन, म्हणजे मंडळीतील भाकर आणि द्राक्षरसाचा विधी, घेऊ नये?


पाळक_विदर्भ

आपल्या वडिलांनी प्रभुभोजन घ्यावे, आणि मोकळ्या मनाने घ्यावे. हे माझे एकट्याचे मत नाही. हा प्रश्न मंडळीपुढे फार जुना आहे. पहिल्या काही पिढ्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांसाठी लिहिलेल्या "दिदाखे" या मार्गदर्शिकेत असे सांगितले आहे की ज्याचे सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत भाकर मोडण्यास एकत्र येऊ नये, नाही तर तुमचे अर्पण विटाळेल. म्हणजे मत्तयाचे ते वचन मंडळीने प्रभूच्या मेजाला अगदी सुरुवातीपासून लावले. पुढे 1662 च्या अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात पाळकाला सूचना आहे की ज्यांच्यात वैर आणि द्वेष दिसतो त्यांना समेट होईपर्यंत मेजापाशी येऊ देऊ नये. परंतु त्याच सूचनेत पुढे म्हटले आहे की दोघांपैकी एक मनापासून क्षमा करायला आणि स्वतःच्या अपराधाची भरपाई करायला तयार असेल, आणि दुसरा हट्टाने अडून बसला असेल, तर पाळकाने पश्चात्तापी माणसाला येऊ द्यावे आणि हट्टी माणसाला येऊ देऊ नये. काकांचे "ऐकलं" हे हट्ट आहे असे मी म्हणणार नाही; कदाचित तो त्यांच्या वाटेवरचा पहिला टप्पा असेल. त्यांना वेळ लागेल, आणि तो त्यांना द्यावा. आपल्या वडिलांनी केले त्यातील एक गोष्ट विशेष आहे. गावासमोर केलेल्या आरोपाची माफी त्यांनी केवळ घरात मागितली नाही. ज्यांच्यासमोर बोलले त्यांना आधी सांगून मग ते गेले.


मिस्साला_जाणारी

मी कॅथलिक आहे, मोहननगरच्या बाजूला राहते. आमच्याकडे पापनिवेदनाच्या वेळी हाच भाग ऐरणीवर येतो. चोरलेली वस्तू परत करणे शक्य असताना ती घरात ठेवून क्षमेची अपेक्षा करता येत नाही, आणि कोणाचे नाव बदनाम केले असेल तर ते शक्य तितके पूर्ववत करणे हे आपले देणे मानले जाते. पापक्षमा मिळाली म्हणून हे देणे फिटत नाही.

जक्कयाचा प्रसंग मला या दृष्टीने फार जवळचा वाटतो. येशूला पाहायला झाडावर चढलेल्या त्या जकातदाराला येशू "त्वरा करून खाली ये" म्हणतो आणि तो त्वरेने उतरतो, हे लूक आवर्जून लिहितो. नंतर जक्कय भाषण करत नाही. अर्धे धन दरिद्र्यांना आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट, असे आकडे सांगतो. नियमशास्त्रात चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरे द्यावीत असा दंड होता, आणि स्वतःहून कबूल करणाऱ्याला मुद्दलावर पाचवा हिस्सा अधिक देणे पुरे होते. जक्कयाने स्वतःला सौम्य नियम लावून घेतला नाही. आज्ञा लवकर पाळली की माणूस सवलती शोधत बसत नाही, असे मला त्यात दिसते. एक लहानसा फरकही सांगते : आमच्या मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनेत, शांतीचे अभिवादन "हे आमच्या स्वर्गीय पित्या" या प्रार्थनेनंतर, प्रसाद घेण्यापूर्वी असते, इतर अनेक उपासनाविधींत ते अर्पणाच्या आधी येते, आणि मत्तयाच्या वचनाशी ती जागा अधिक सरळ जुळते. जागा कोणतीही असली तरी शेजारच्या अनोळखी माणसाकडे वळून हात जोडायचे आणि तीन बाकांमागे बसलेल्या सख्ख्या जावेकडे पाहायचे नाही, हे किती काळ चालवायचे?


वकील_बर्डी

आतापर्यंतच्या चर्चेत "बांध", "सही" असे शब्द आले, म्हणून व्यवसायातील अनुभवावरून लिहितो. आपल्या समाजातील भावाबहिणींचे बहुतेक अबोले ज्या घरातून सुरू होतात त्याची आखीव पत्रिका, म्हणजे मालकीची सरकारी नोंद, कोणाच्या नावावर आहे हे पाहिले की अर्धी गोष्ट कळते. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला तर 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. सर्वसाधारणपणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलांना, मुलगे आणि मुली यांना सारखे, अशी त्यात वाटणी आहे. मुलीला कमी, असे त्यात कोठेही नाही. तरीही बहिणीकडून हक्कसोडपत्र घेण्याची रीत आपल्या घरांत इतकी सहज झाली आहे की ती मागताना कोणाला संकोच वाटत नाही. मी दस्त नोंदणीच्या वेळी पाहिले आहे : बहीण अंगठा उमटवण्याआधी भावाकडे बघते आणि भाऊ त्याच वेळी मोबाइलमध्ये काहीतरी वाचत असतो. ती काही बोलत नाही. पुढे कित्येक वर्षे बोलत नाही. भावाला मात्र वाटते की ताईचा स्वभावच बदलला.

अशा भावाने नाताळाला केक घेऊन जाणे म्हणजे समेट नव्हे. तिने खुशीने हक्क सोडला असेल तर गोष्ट वेगळी. दबावाने सोडवून घेतला असेल तर भावाला तिचा हिस्सा आजही बक्षीसपत्राने देता येतो, किंवा त्याची रक्कम देता येते. माफी मागायला जाताना कोणताही कागद बरोबर नेऊ नये, दाव्याचा विषयही पहिल्या भेटीत काढू नये, आणि "तूही समजून घे" अशी अट माफीला जोडू नये, हे माझे कळकळीचे सांगणे आहे.

ज्यांचा दावा कोर्टात चालू आहे त्यांच्यासाठी मत्तय 5:25 लगेच पुढेच आहे : वादी वाटेत बरोबर आहे तोवरच त्याच्याशी लवकर मिटवून घे. आपल्याकडे लोकअदालतीत तडजोड झाली तर त्या निवाड्याला कोर्टाच्या हुकूमनाम्याचा दर्जा असतो, त्यावर अपील होत नाही आणि भरलेले कोर्ट शुल्क परत मिळते. मध्यस्थीचीही सोय आहे. कायदा वाट मोकळी ठेवतो. पहिले पाऊल मात्र पक्षकारालाच टाकावे लागते.


निवृत्त_शिक्षक

या चर्चेत नागपूरचा इतिहास यावा असे मला वाटते, कारण समेटाच्या संदर्भात या शहराला विशेष स्थान आहे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी येथील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. अँग्लिकन, उत्तर भारताची संयुक्त मंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट असे ते सहा प्रवाह. त्यासाठीची बोलणी 1929 साली लखनौत सुरू झाली होती. म्हणजे एक्केचाळीस वर्षे गेली. अमेरिकन परंपरेची मेथडिस्ट मंडळी बोलण्यांत अखेरपर्यंत होती आणि ऐन वेळी बाहेर राहिली. बाप्तिस्मा लहानपणी द्यावा की मोठेपणी, बिशप असावेत की नसावेत, असे प्रश्न त्यात होते आणि ते एका रात्रीत सुटणारे नव्हते. या सर्वांना आपण आज्ञा टाळणारे म्हणणार का?

दुसरे उदाहरण मराठी कवी नारायण वामन टिळकांचे. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका परदेशी गृहस्थाने त्यांना नवा करार दिला, आणि वाचता वाचता ते ज्या पानांवर खिळून राहिले ती याच डोंगरावरील प्रवचनाची होती. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या आज्ञापालनाची किंमत पत्नी लक्ष्मीबाईंना मोजावी लागली. पतिपत्नींची ताटातूट झाली आणि ती काही वर्षे टिकली. पुढे त्या परत आल्या तेव्हाही ख्रिस्ती म्हणून आल्या नाहीत, पत्नी म्हणून आल्या. स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर त्यांनी 1900 साली बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली असती तर आपल्याला ज्या लक्ष्मीबाई ठाऊक आहेत त्या झाल्या नसत्या. म्हणून मी कामठीकरांच्या बाजूने एक शब्द घालतो : दुसऱ्याच्या वेळेचा मान राखणे हीसुद्धा प्रीती आहे.


शालोम_नागपूर

सर, आपल्या दोन्ही उदाहरणांनी मला विचार करायला लावले, आणि मी माझे म्हणणे अधिक नेमके करतो. 1929 ते 1970 या काळात ती माणसे एकमेकांना भेटत होती. मसुदे लिहीत होती, सुधारत होती, पुन्हा बसत होती. त्यांनी समेटाला लागणारा वेळ घेतला, निघण्यास उशीर केला असे म्हणता येणार नाही. ज्या बंधूंच्या वाक्यावरून हा धागा सुरू झाला त्यांच्या बाबतीत भेट, पत्र, निरोप, काहीही झालेले नाही. टिळकांनीही लक्ष्मीबाईंशी नाते सोडले नाही, पण त्यांच्या निर्णयाचा ताबाही घेतला नाही. जाण्याची घाई माझी आहे. उत्तर देण्याची घाई मी दुसऱ्यावर लादू शकत नाही. मावशींनी मांडलेल्या प्रसंगात नेमके उलटे घडते. ज्याने जायला हवे तो निवांत असतो आणि जिने वेळ घ्यायला हवा तिला घाई केली जाते.

पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांच्यात मार्क या सोबत्यावरून इतका तीव्र वाद झाला की ते वेगळे झाले, आणि लूकाने ते लपवले नाही. शेवटी कैदेतून लिहिताना पौल मार्काला बरोबर घेऊन ये असे सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झाले हे वचन सांगत नाही. कोणीतरी पहिले पाऊल उचलले असणार, एवढे मात्र नक्की.


कामठीकर

"निघाल्यानंतरची तयारी" हे मला पटले. तरी एक आग्रह मी सोडत नाही : ज्याला राग आवरत नाही त्याने एकट्याने जाऊ नये. शिष्य हनन्यालाही विश्वासणाऱ्यांचा छळ करणाऱ्या शौलाकडे, म्हणजे पुढच्या पौलाकडे, जाताना भीती वाटली आणि ती त्याने प्रभूजवळ स्पष्ट बोलून दाखवली. तो गेला, आणि त्याने ज्याच्याविषयी ऐकून थरकाप होत होता त्यालाच "भाऊ शौल" अशी हाक मारली. भीती बोलून मोकळी केल्यानेच ते त्याला जमले असावे. मंडळीत अशी दोन विश्वासू माणसे हवीत की ज्यांच्यापाशी जाण्यापूर्वी मन मोकळे करता येईल आणि ते बाहेर जाणार नाही.


तरुणसंघ_सदर

व्हॉट्सॲपवर माफी मागितली तर चालते का? आमच्यात बहुतेक जण तेच करतात.


मिस्साला_जाणारी

दूरच्या गावी असलेल्या माणसाला फोन किंवा पत्र चालेल असे मला वाटते. पौलाने फिलेमोनाला पत्रच लिहिले होते. पण ते पत्र ज्याने नेले तो अनेसिम, म्हणजे फिलेमोनापासून दुरावलेला त्याचा दास, स्वतः दारात उभा होता, हेही खरे. ज्याच्या घरी जाता येते त्याला संदेश पाठवून थांबणे म्हणजे त्याचा चेहरा पाहण्याचे टाळणे आहे. आणि स्टेटसवर सर्वांसाठी लिहिलेली माफी कोणालाच उद्देशून नसते.


इंदोऱ्याचा_वाचक

मी येथे फक्त वाचत असतो, पहिल्यांदाच लिहीत आहे. ज्यांच्याशी समेट करायचा ते गेलेले असतील तर काय करावे? माझ्या मामांनी माझ्या शिक्षणासाठी पैसे दिले होते. पुढे आमच्या घरात "त्यांनी काही केले नाही" असेच बोलले गेले आणि मीही कधी ते खोडून काढले नाही. ते वारले. त्यांची मुले छिंदवाड्याला असतात.


पाळक_विदर्भ

जिवलग मित्र योनाथान गेल्यानंतर दावीद राजाने विचारले होते की योनाथानाचे वडील शौल राजा यांच्या घराण्यातील कोणी उरला आहे काय, म्हणजे योनाथानासाठी मी त्याच्यावर दया करीन. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ लोदबार या गावी कोणाच्या तरी घरी दिवस काढत होता. दावीदाने माणूस पाठवून त्याला आणवले, आजोबांची सगळी जमीन त्याला परत दिली आणि आपल्या मेजावर बसवले. मामांची मुले आहेत, म्हणजे आपल्यासाठी वाट बंद झालेली नाही. मामांनी पैसे दिले होते हे त्यांच्या मुलांना आपल्या तोंडून कळू द्या. कदाचित त्यांना ते ठाऊकही नसेल. मग आपल्या घरात, जेथे ते वाक्य वारंवार बोलले गेले, तेथे सर्वांसमोर ते दुरुस्त करा. हा दुसरा भाग अधिक अवघड जाईल, कारण आईवडिलांना तो आपल्यावरचा ठपका वाटेल. त्यांना दोष न देता फक्त जे खरे ते सांगा. पैसे परत करण्याची ऐपत असेल तर मुलांना विचारा, आणि त्यांनी नको म्हटले तर मामांच्या नावाने एखाद्या मुलाच्या शिक्षणाला लावा. येत्या रविवारी प्रभुभोजन आहे म्हणून विचारत असाल, तर छिंदवाड्याला त्याआधी फोन तरी करता येईल.


इंदोऱ्याचा_वाचक

त्यांचा नंबर माझ्याकडे नाही, मावशीकडे असेल. तिला आता विचारतो. घरी बोलण्याच्या वेळी मोठी बहीणही हजर असावी असे वाटते, ती शनिवारी येत आहे.


धरमपेठची_मावशी

बहिणीला आधी वेगळे सांगून ठेवा, म्हणजे आई रडू लागली तर तिच्याजवळ बसायला कोणी असेल आणि तुम्हाला बोलणे अर्धवट सोडावे लागणार नाही.